चौथ्या खुर्चीचं परीक्षण

"खेळल्याशिवाय परीक्षण लिहायचं नाही, हा माझा नियम आहे," ती म्हणाली. "आणि याला तीन माणसं लागतात."

"मग बोलव तुझ्या मैत्रिणींना," आई भांडी पुसत म्हणाली. "सोंगं काढायचं वय आहे का माझं?"

"घरच्याच माणसांनी खेळायचा आहे. खोक्यावर लिहिलंय तसं."

टेबलाभोवती बसून, फासे टाकून, दुसऱ्या कुणाची तरी भूमिका घेऊन खेळायच्या खेळांची परीक्षणं ती नऊ वर्षं लिहीत आली होती. राक्षस, किल्ले, अंतराळयानं, सगळं खेळून झालं होतं. 'चौथी खुर्ची' त्यातला नव्हता. घरातलं माणूस गेल्यावर मागे राहिलेल्यांनी तो खेळायचा. एकाने रिकाम्या खुर्चीवर बसून गेलेल्या माणसाच्या तोंडून बोलायचं, बाकीच्यांनी आपापल्या. एका निवृत्त नर्सने तो तयार केला होता. सोबतच्या चिठ्ठीत तिने लिहिलं होतं, 'दयामाया नको. चुकलंय ते चुकलंय म्हणा.'

बाबांना जाऊन तीन महिने झाले होते. संपादकाला ते ठाऊक नव्हतं, नाहीतर त्याने हा खोका तिच्याकडे पाठवला नसता. ती तो परत करू शकली असती. केला नाही.

कारण भाऊ रविवारी घर सोडून चालला होता. लांबच्या शहरात नोकरी धरली होती, बॅगा दाराशी येऊन बसल्या होत्या, आणि आई त्याच्याशी बोलत नव्हती. ताट वाढायची, कपडे इस्त्री करून ठेवायची, पण शब्द लेकीमार्फत. "त्याला सांग, पाणी तापलंय." तो तिथेच दोन हातांवर उभा असायचा. असाच गेला असता तर पुन्हा या घरात फिरकला नसता, हे लेकीला स्वच्छ दिसत होतं.

बाबांना शेवटचं वर्षभर ऑक्सिजन लागायचा. सिलिंडरचा काटा लाल रेघेवर यायच्या आत दुसरा जोडायचा. पाळ्यांचा कागद फ्रिजवर चिकटवलेला होता. बाबा गेले त्या दुपारी आई रिपोर्ट आणायला गेली होती. कागदावर त्या वेळेपुढे भावाचं नाव होतं. लेक शेजारच्या खोलीत, कानांवर हेडफोन चढवून, कुठल्याशा खेळाचं परीक्षण पुरं करत होती. आई परतली तेव्हा काटा शून्यावर होता आणि भाऊ दिवाणावर झोपलेला होता.

"डोळा लागला," एवढंच तो म्हणाला. आईने पुढे काही विचारलं नाही.

शनिवारी जेवणं उरकल्यावर तिघं टेबलाशी बसली. ज्याच्या फाशाला जास्त दान पडेल त्याने चौथ्या खुर्चीवर जायचं. आईला सहा पडले.

"बरोबर. कामाला मीच," म्हणत ती उठली आणि बाबांच्या खुर्चीवर जाऊन बसली. बसताना त्यांच्यासारखाच गुडघ्यावर हात टेकला.

लेकीने वहीत लिहिलं, 'फासा वजनदार, हातात नीट बसतो. पुस्तिकेतला टाइप फार बारीक. वडीलधारी माणसं खेळणार असतील तर मोठा हवा.' दोष दाखवला की दुरुस्तीही सुचवायची, ही तिची पद्धत होती.

पहिला पत्ता म्हणत होता, गेलेल्या माणसाने एक तक्रार सांगावी.

आईने घसा खाकरला. "माझ्या चहातली साखर बंद केलीत, ते मला अजिबात आवडलं नव्हतं."

भाऊ हसला. "डॉक्टरांनी सांगितलं होतं, बाबा."

"डॉक्टर काय सांगतोय. स्वतः तीन चमचे घेतो तो. मी बघितलंय."

तीन महिन्यांत आईने त्याला दिलेलं हे पहिलं उत्तर. लेकीची पेन्सिल जागच्या जागी थांबली.

दुसऱ्या पत्त्यावर बाकीच्यांनी एकेक प्रश्न विचारायचा होता. भाऊ बराच वेळ फासा बोटांत फिरवत राहिला.

"फार त्रास झाला का?"

आई खिडकीकडे बघत बसली. "आदल्या रात्री तू माझ्या पायथ्याशी बसून होतास," ती म्हणाली. "पाठीला उशीसुद्धा घेतली नव्हतीस. ते माझ्या ध्यानात आहे."

त्याने मान खाली घातली. त्याचे खांदे हलत होते.

"तुझा प्रश्न," आई लेकीला म्हणाली.

"मी पास. पुस्तिकेत मुभा आहे." तिने वहीत नोंद केली, 'खेळ जे करायचं म्हणतो ते करतो. विचारायचं नसेल त्याच्यावर सक्ती नाही, हे चांगलं.'

तिसरा पत्ता शेवटचा. तिने तो आधीच वाचलेला होता. खोका घरात ठेवून घेतला तो या पत्त्यासाठी. गेलेल्या माणसाने टेबलावरच्या एकाला माफ करावं, एवढंच त्यावर होतं.

आईने पत्ता दूर धरून वाचला आणि पालथा ठेवला. मग ती मुलाकडे बघत राहिली. त्याचे दोन्ही हात टेबलावर होते. बॅगांकडे पाठ करून बसला होता तो. आईने हात पुढे केला. तो त्याच्या हातांवरून पुढे गेला आणि लेकीच्या वहीवर येऊन टेकला. आईने ती वही मिटली.

"तुला माफ केलं," ती बाबांच्या आवाजात म्हणाली.

"आई, नको," भाऊ म्हणाला.

आई चौथ्या खुर्चीवरून उठली, आपल्या खुर्चीवर येऊन बसली आणि आपल्या आवाजात लेकीला म्हणाली, "'तू पड जरा, मी बघते,' असं तू याला म्हणालीस, ते मी दारात चपला घालताना ऐकलं होतं. तीन महिने याच्याशी अबोला धरला तो तू कधीतरी तोंड उघडशील म्हणून."