चौथी प्लेट

“हाही नको,” म्हणत आत्यानं आठवा बाण बाजूला सारला.

“यंत्र तर म्हणतंय, सरळ आहे,” इंजिनियर बाई कुरकुरल्या.

“यंत्राला काय कळतंय! लग्नाच्या दिवशी सगळेच नवरे सरळ दिसतात.”

रणगाड्याचं चिलखत फोडणाऱ्या गोळ्याच्या पोटात जड धातूचा एक लांब दांडा असतो, त्याला कारखान्यात बाण म्हणत. त्या दांड्यात स्फोटक नसतं. नुसत्या वेगाच्या जोरावर त्यानं पोलादात घुसायचं. केसाएवढा बाक राहिला तरी नेम गेला आणि जोरही गेला. आत्या प्रत्येक बाण गुळगुळीत दगडी फरशीवर घरंगळवी आणि डोळा फरशीला लावून खालून उजेडाची फट दिसते का ते बघे. शाळेत ती चौथीच्या पुढे गेली नाही, पण तीस वर्षांत तिच्या फरशीवरून एकही वाकडा बाण सुटला नव्हता. हे ती स्वतःच सांगे, दुसऱ्यानं सांगायची वाट बघत नसे.

आज चाचणी होती. समोर चिलखताचं पोलाद बनवणाऱ्या भट्टीवाल्याची नवी प्लेट. आधीच्या तीन प्लेटा आत्याच्या बाणांनी आरपार केल्या होत्या, आणि तेव्हापासून कॅन्टीनमध्ये तिनं त्याला सुखानं घास गिळू दिला नव्हता.

“आत्या, या खेपेला जरा हात सैल सोडा,” भट्टीवाला दारातून म्हणाला.

“का रे? चाळण्या करून चिलखत म्हणून खपवतोस, वर दया मागतोस?”

“ही टिकेल. अकरा महिने घातलेत हिच्यावर.”

“टिकली तर ही तपासणीची खुर्ची सोडते. जा, सगळ्यांना सांग!”

त्या खुर्चीत बसायला साहेबसुद्धा धजत नसत.

सकाळी डबा भरताना सूनही म्हणाली होती, “आई, आज तरी हरा.” आत्यानं तिला, “भाजीत मीठ बघ आधी,” म्हणून उडवून लावलं होतं.

“तिसराही चालला असता की,” इंजिनियर बाई हळूच म्हणाल्या. “लोक म्हणतील, आत्यांनी दावा धरलाय.”

“म्हणू देत. लेच्यापेच्या बाणानं परीक्षा घ्यायची, तर मग घ्यायचीच कशाला?”

अकरावा बाण फरशीवरून आवाज न करता गेला. खाली उजेडाचा धागाही दिसला नाही. “हा,” आत्या म्हणाली. तो गोळ्यात बसेपर्यंत ती जागची हलली नाही.

मैदानावर भोंगा झाला. सगळे जाड भिंतीमागे गेले. तोफ धडाडली आणि पायाखालची जमीन हादरली. धोका टळल्याचा भोंगा होताच आत्या सगळ्यांच्या पुढे चालत निघाली.

प्लेटीच्या तोंडावर खोल भोक होतं. भट्टीवाला मागच्या बाजूला गेला आणि तिथंच थबकला. मागे फक्त टेंगूळ आलं होतं. साधी चीरसुद्धा नव्हती.

टाळी कुणीच वाजवली नाही. सगळे आत्याकडे बघत होते.

“आत्या, खुर्चीचं राहू द्या,” तो चाचरत म्हणाला. “बोलण्याच्या भरात माणूस...”

“माझी जीभ काय भाड्यानं आणलीय? सोडली म्हणजे सोडली.”

तिनं त्या टेंगळावर तळवा ठेवला. पोलाद अजून गरम होतं. मग ती तिथंच मातीत बसली. इंजिनियर बाई पाणी घेऊन धावल्या.

“वाईट वाटून घेऊ नका, आत्या. एक दिवस असा यायचाच.”

“वाईट?” आत्यानं डोळे पुसले. “अगं, आधीच्या तीन प्लेटा फुटल्या, त्या तिन्ही दिवशी आमच्या घरात कुणी जेवलं नाही.”

तिनं भट्टीवाल्याचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

“लवकर बसव रे बाबा. माझा लेक रणगाडा चालवतो.”