काळ्यावर काळं

हर्नियाच्या ऑपरेशनला देवणीहून लातूरच्या दवाखान्यात आलेले अप्पा भाकर खाऊन आले होते. सिस्टर तडकल्या, "उपाशीपोटी या, असं आमच्या साइटवर लिहिलंय ना? आता पुढच्या महिन्यात या."

अमरेश सगळ्यांदेखत बापावर ओरडला, "अप्पा, वाचता येत न्हाई का?"

"कुठं लिहिलंय? तूच बघ की." अप्पांनी फोन पुढं केला.

उजेडानं अप्पांचे डोळे दुखतात म्हणून अमरेशनंच त्यांच्या फोनला पडदा काळा करणारा डार्क मोड लावला होता. त्यानं तो मोड बंद केला. पांढऱ्या पानावर सूचना ठळक दिसली. डार्कमध्ये ती काळ्यावर काळी होती.

ही साइट अमरेशनंच त्याच्या कंपनीत तपासलेली. ब्राउझर आपोआप उघडून पान आधी लाइटमध्ये, मग डार्कमध्ये बघणारी टेस्ट डार्कमध्ये फेल झाली होती. साइट त्याच दिवशी दवाखान्याला द्यायची होती, म्हणून त्यानं डार्कची टेस्टच काढून टाकली. बाकी सगळं पास झालं, साहेब खूश झाले.

"साइटमध्ये काही गडबड हाय का?" सिस्टरनं विचारलं.

"गडबड कशी आसंल?" अप्पा म्हणाले. "माझ्या पोरानं तपासलीय ती. माझंच ध्यान नसंल."

अमरेशनं गुपचूप डार्क मोड परत लावला आणि फोन अप्पांच्या खिशात ठेवला.