बांधाकडच्या दोन ओळी

“काका, हे पोतं कुणाचं?” तपासणीला आलेल्या चेतना मॅडमनी विचारलं आणि रावजीच्या तोंडचं पाणी पळालं.

गोठ्यामागच्या पत्र्याच्या शेडात, कडुनिंबाच्या अर्काच्या ड्रमाआड, युरियाचं पोतं उभं होतं. तोंड सुतळीने आवळलेलं. सेंद्रिय बागेच्या तपासणीत युरियाचं रिकामं पोतंसुद्धा चालत नाही, आणि हे तर चांगलं टम्म भरलेलं. सांगोल्याच्या त्या माळावर तीन वर्षं रावजीने डाळिंबाला रासायनिक खताचा दाणा दाखवला नव्हता. आजची तपासणी पार पडली की माल परदेशी पाठवायचं प्रमाणपत्र हातात येणार होतं. नाहीतर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

नियम म्हणजे नियम, असा हा माणूस. शेजारच्या धनाजीच्या औषधाचा फवारा वाऱ्याने येतो, म्हणून बांधाकडच्या दोन ओळींची फळं वेगळी तोडायचा. कालच ती टेंभुर्णीच्या व्यापाऱ्याला मिळेल त्या भावात देऊन टाकली होती. आणि तोच धनाजी चहाच्या टपरीवर बसून सांगायचा, रावजीने बाग देवाला सोडलीय म्हणून.

रावजीने बायकोकडे बघितलं. पहिल्या वर्षी पानं पिवळी पडली तेव्हा ‘मूठभर युरिया टाकू की, कोण बघतंय’ असं टुमणं रंभाबाईनेच लावलं होतं. त्याने तेव्हा तिला उडवून लावलं होतं. आता मात्र त्याला शंका आली. हिने गुपचूप टाकला तर नसेल?

“पोतं आमचं न्हाय,” रंभाबाई म्हणाली. मग कुणाचं, ते काही सांगेना. मॅडमनी परत विचारलं, तर पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत राहिली. रावजीला तिचा अस्सा राग आला.

मॅडमनी सुतळी सोडली. आत वाळलेल्या लिंबोळ्या. रावजीचा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. लिंबोळ्या चालतात, पोतं चालत नाही. ते आलं कुठून, हे कळल्याशिवाय मॅडमना पुढे जाता येईना.

एवढ्यात बांधापलीकडून धनाजी आला. मघापासून तो डाळिंबाआड उभा राहून सगळं ऐकत होता. टोपी काढून त्याने हातात घेतली.

“पोतं माझं हाय, मॅडम. लिंबोळ्या बी माझ्याच. परवा वहिनींकडं अर्क करून मागितला, घरातलं जुनं पोतं हाताला आलं त्यात भरून आणल्या.” मग तो रंभाबाईकडे वळला. “सांगायचं की, वहिनी. माझ्यापायी बाग घालवता व्हय?”

“कुणाला सांगणार न्हाय म्हनलं हुतं,” रंभाबाई म्हणाली.

बायकोवर घेतलेल्या संशयाची रावजीला मनातून लाज वाटली आणि धनाजीचं हसूही आलं. टपरीवरच्या गप्पांचं काय, असं त्याने विचारलं. लई बोलून बसलोय, आता कुठल्या तोंडानं सांगणार, असं धनाजी पुटपुटला.

मॅडमही हसल्या. लिंबोळ्या घमेल्यात ओतायला लावल्या, पोतं बांधापलीकडे पाठवलं आणि घडलं तसं लिहून घेतलं. एवढ्यावरून बाग अडणार नाही, म्हणाल्या. रंभाबाईने चहाचं आधण ठेवलं.

चहा घेता घेता मॅडम धनाजीला म्हणाल्या, “तुम्हीही सेंद्रिय शेतीसाठी नाव नोंदवा. आणि बांधाकडची फवारणी तेवढी आजपासून बंद करा. काकांच्या दोन ओळी दरसाल फुकट जातात.”

धनाजीने कप खाली ठेवला आणि डोकं खाजवलं.

“ती तर गेल्या सालच्या पाडव्यापासनंच बंद हाय, मॅडम.”