रोज दोन वेळा

रोशनीला दमा निघाला, तसा भुरीअक्काने नातीच्या ताटाचा ताबा घेतला. डॉक्टरांनी सांगितलं होतं पंप ओढणं आणि धुरापासून लांब राहणं, एवढंच. पण पिंपळनेरच्या प्रत्येक बाईकडे एकेक पथ्य होतं. शेजारणीने केळी बंद करवली, जावेने दही, विहिणीने फोनवरून शेंगदाणे. अक्काला स्वतःच्या आजीचा काढा वासासकट आठवत होता. तो सुरू झाला, वर ताकदीची कसलीशी पावडर.

"अक्का, मग मी खाऊ काय?"

"हवा खा. तुला तीच कमी पडते."

दोन महिन्यांनी धुळ्याला डॉक्टरांनी छाती तपासली. "पंपाने दमा आटोक्यात आहे, तो चालूच ठेवा. पण पोरीचं वजन तीन किलोंनी उतरलंय. हे लिहिलंय ते आजपासून द्या, रोज दोन वेळा."

चला, एकदाचं जालीम औषध मिळालं! अक्काचा चष्मा घरी राहिला होता. तिने चिठ्ठी तशीच मेडिकलवाल्यापुढे धरली. त्याने ती दोनदा वाचली आणि रोशनीकडे पाहिलं.



"अक्का, आमनाकडे वरण-बट्टी नही भेटत."