टेकूची खालची बाजू

कोणी विश्वास ठेवणार नाही, पण माझा उजवा अंगठा बोरच्या जंगलातल्या वाघानं नेला. हिंगणीच्या चौकात शंभरदा सांगितलंय. दरवेळी वाघ हातभर वाढतो. नात आचललाही हेच सांगितलं. अंगठा गेला त्याच आठवड्यात मी तिच्या स्पर्धेच्या पिस्तुलाला सागवानाचा टेकू करून दिला, नेम धरताना ज्यावर अंगठा विसावतो तो. वरून चकचकीत पॉलिश मारलं. न दिसणाऱ्या बाजूला आम्ही सुतार पॉलिश मारत नाही. काल ती राज्य संघातली निवड हुकवून आली. आज चौकात माझा वाघ झेप घेणार, तोच तिनं पिस्तुलाचा टेकू माझ्यापुढे उलटा ठेवला. कोऱ्या लाकडात रक्ताचा काळा डाग मुरला होता. "स्पर्धेआधी तपासणीत साहेबानं हा खोलला, आबाजी. डाग पाह्यला, मंग माहा अंगठा त्याच्यावर टेकलाच नाई." तिनं डागावर बोट ठेवलं. "खरं सांगा, वाघ काय सागवान कापून राह्यलता?"