गटारीचं उरलेलं मटण

"उद्या याचे कटलेट करू, नाहीतर बिर्याणी," मी पातेल्यात डोकावत म्हणाले. गटारीला तीन किलो मटण आणलं होतं आणि पाहुणे निम्मेच आले.

"उद्या श्रावण लागतो, कळतं का?" सासूबाई कडाडल्या. "सकाळी हौसा आली की तिला देऊन टाक. त्या लोकांना कसला आलाय श्रावण!" झाकण चेपलेला एक डबाही त्यांनीच शोधून काढला. चांगला डबा तिच्या घरी कशाला जायला हवा?

हौसाबाई माझ्या बाळाला न्हाऊमाखू घालायला येतात. सकाळी डबा पुढे करताना त्यांच्याकडे बघायची मला लाज वाटली.

"कालचं मटण आहे, घेऊन जा," सासूबाई देवपूजा करता करता ओरडल्या.

हौसाबाईंनी झाकण उघडलं, नाकाला पदर लावला आणि डबा उंबऱ्याबाहेर ठेवला.

"आजपासून श्रावण ना हो, आजी? का तो तुमच्याच घरी येतो?"

सासूबाईंच्या हातातली घंटा वाजायची थांबली.

"ताई, साबण द्या," हौसाबाई मला हळूच म्हणाल्या. सासूबाईंच्या देखत त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले, आणि मगच माझ्या बाळाला पायांवर घेतलं.