पडलेला दात

चौथीतल्या पोराला इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेला बसवायचं म्हणून सातपूरच्या खैरनारांनी मंत्रालयापर्यंत खेटे घातले आणि खास परवानगी आणली. परीक्षेच्या दिवशी केंद्राबाहेर ते दिसेल त्याला स्वराजचं वय सांगत होते. विचारलं कोणीच नव्हतं.

पेपर सुटला. स्वराज मूठ घट्ट मिटून बाहेर आला.

"पप्पा, माझा दात पडला. उंदराच्या बिळात टाकायचाय, म्हणजे नवा छान येतो."

"गणितं किती सोडवलीस ते सांग!" खैरनारांनी त्याच्या मुठीतून दात काढून गटारीत भिरकावला. पोरगं रडायला लागलं. "एवढा घोडा झालास, लहान बाळासारखा रडतोस काय?"

निकालाला अजून महिना होता, पण खैरनारांना धीर कुठला! चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स लावायचा म्हणून ते पोराला तसंच फ्लेक्सच्या दुकानात घेऊन गेले. दुकानदाराने फोटो काढला आणि मोठा करून पाहिला.

"साहेब, समोरचा एक दात नाहीये. कॉम्प्युटरवर बसवून देऊ?"

"अजिबात हात लावू नका!" खैरनार ओरडले. "ती फट लांबून दिसली पाहिजे. नाहीतर पोर किती लहान आहे, ते लोकांना कळणार कसं?"